व्याह्यांची दुसरी बॅटरी

एकाच इंजिनाच्या गाडीला दोन बॅटऱ्या कशासाठी लागतात, हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसले आहे. उत्तर सोपे आहे. परंतु ते मला आमच्या व्याह्यांकडून मिळाले, आणि व्याह्यांकडून काहीही सरळ मार्गाने मिळत नाही. एकही वस्तू तिच्या नेमून दिलेल्या कामासाठी न वापरणारा असा दुसरा मनुष्य पृथ्वीवर नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेकीचे लग्न ठरवायला मी प्रथम बेंगळुरूला त्यांच्या घरी गेले, तेव्हा स्वयंपाकघरातून भिंतीला भोक पाडत असल्यासारखा आवाज येत होता. व्याही ड्रिल मशीनला रवी बांधून माझ्यासाठी ताक घुसळत होते. "या अक्का, बसा. स्वल्प लोणी वर येऊ दे की!" ते म्हणाले. मी सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवले, प्रयोगशाळेत बरेच काही पाहिले. पण हे पाहिले नव्हते. शिवाय विहीणबाई म्हणायचे सोडून अक्का! त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे; देवघरातले मराठी आणि दुकानातले कन्नड त्यांच्या तोंडी एकाच ताटात वाढलेले असते, हे मला मागाहून कळले. त्या दिवशी मी पेल्यात आधी नीट डोकावून पाहिले, मग प्याले. ताक उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

पुढे लेकीसाठी मीही बेंगळुरूत व्हाइटफील्डला राहायला आले आणि धक्क्यांना सीमा उरली नाही. व्याह्यांच्या घरी पापड इस्त्रीखाली भाजतात. सांडगे गच्चीवर जुन्या हेल्मेटांच्या पाठीवर वाळतात. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप घरघरू लागला, की डॉक्टरांची नळी कानाला लावून व्याही त्याच्या पोटावर वाकतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, "कफ आहे." असा मनुष्य सहलीसाठी घर-गाडी करायची म्हणून सेवेतून निघालेली रुग्णवाहिका विकत घेऊन आला, तेव्हा खरे तर मला आश्चर्य वाटायला नको होते. वाटलेच. रंग दिला तरी लाल पट्टा खालून डोकावत होता, आणि कोरमंगल्याच्या गर्दीतही रिक्षावाले हळहळत बाजूला होत होते. "यात मी झोपले, तर लोक हार घेऊनच येतील," त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या विहीणबाई, म्हणाल्या.

विहीणबाईंच्या झोपेसाठीच हा सारा खटाटोप होता. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो. म्हणून रात्रभर नाकावर मुखवटा चढवून श्वासाचे यंत्र चालू ठेवावे लागते. एकदा प्रवासात लॉजवर वीज गेली, यंत्र बंद पडले आणि त्या गुदमरून, घाबरून उठल्या. तेव्हापासून त्यांनी घराबाहेर रात्र काढलेली नव्हती. त्यांचे माहेर कारवारचे. माहेरी आता कोणी नाही, पण एकदा तरी समुद्राच्या आवाजाने जाग यावी, एवढी त्यांची इच्छा होती. व्याह्यांचा बेत असा, की गाडी किनाऱ्यावर उभी करायची आणि गाडीच्या बॅटरीवर यंत्र चालवायचे.

मी त्यांना समजावले, की गाडीची बॅटरी रात्रभर वापरली तर सकाळी गाडी सुरू होणार नाही. तेव्हा दुसरी बॅटरी आली: घरातल्या इन्व्हर्टरची, उंच आणि भक्कम. मी वाकून मधली तार पाहिली. दाराच्या घंटीची तार होती ती! "अहो, ही तापून पेटेल," मी म्हणाले. "जाड केबल हवी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. आणि दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर हवा. म्हणजे इंजिन चालू असताना दोघी भरतील, बंद झाले की वेगळ्या होतील."

"सरी अक्का, सरी," ते म्हणाले. हा शब्द होकारार्थी असला, तरी त्यांच्या तोंडी तो केवळ संभाषण संपल्याची खूण असतो.

तेवढ्यात आयुधपूजेचा दिवस आला. त्या दिवशी इथे झाडून सगळ्या वाहनांची पूजा होते, चाकाखाली लिंबे ठेवतात, रस्त्यावर कोहळा फोडतात. व्याह्यांनी रुग्णवाहिकेला झेंडूचे तोरण बांधले, आणि नव्या बॅटरीला मान द्यावा म्हणून तिचाच चौरंग केला. निरांजन पेटवून तांब्याचे ताम्हण त्यांनी बॅटरीच्या डोक्यावर ठेवले ते नेमके दोन्ही टोकांवर टेकले.

पांढरा लखलखाट झाला. फाटदिशी आवाज झाला आणि तांब्याच्या ठिणग्या उडाल्या. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. परंतु दोन टोके धातूने जोडली तर हीच बॅटरी लोखंड वितळवू शकते, आणि भरताना तिच्यातून निघणारा वायू निरांजनाने पेटू शकतो. हे सर्व त्या क्षणी मला एका शब्दात सांगायचे होते. "लाकूड!" मी ओरडले. विहीणबाईंनी हातातला पूजेचा पाट पुढे करून ताम्हण उडवले. कोणाला काही झाले नाही. ताम्हणाचा काठ मात्र दोन ठिकाणी कुरतडल्यासारखा झाला होता.

"मी यात झोपायची नाही," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "कारवार राहू दे. हा विषय आता नको."

व्याह्यांनी ताम्हण उचलले, पुसले आणि देवघरात जागच्या जागी ठेवले. वस्तू तिच्या जागी ठेवणारे व्याही मी प्रथमच पाहत होते, आणि सर्वांत मोठा धक्का मला तोच बसला.

दुसऱ्या दिवशी ते मेट्रोने माझ्याकडे आले. "अक्का, पहिल्यापासून शिकवा. शाळेतल्या पोरांना शिकवत होता तसं." मी शिकवले. नंतर आम्ही इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगरच्या दुकानांतून प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या नावाने मागून आणली. केबल जाड, फ्यूज जागच्या जागी, टोकांवर रबरी टोप्या, आणि बॅटरीत किती वीज उरली ते दाखवणारा मीटर. बॅटरी पेटीत पट्ट्याने आवळलेली आणि पेटीला बाहेर हवा जाण्याची नळी. त्या गाडीत कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूचे काम करत नव्हती. मला ती गाडी ओळखू येईना.

मग एका दुपारी त्यांनी इंजिन बंद केले, यंत्राचा मुखवटा स्वतःच्या नाकावर चढवला आणि आत आडवे झाले. विहीणबाई उघड्या दाराशी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या. टोपली रिकामी झाली तरी उठल्या नाहीत. नुसत्या यंत्राचा आवाज ऐकत होत्या. ऊन उतरल्यावर व्याही उठले आणि त्यांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"यंत्रानं तुमचं घोरणं थांबलं की हो," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्याआधी तुम्हालाच द्यायला हवं होतं. बरं, निघायचं कधी?"

कारवारहून पहाटे व्याह्यांचा फोन आला. मागे लाटा ऐकू येत होत्या. "अक्का, ही झोपली आहे अजून. रात्रभर छान झोपली."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला झोपतो? मीटर बघत बसलो."

"अहो, फ्यूज आहे, आयसोलेटर आहे. मग मीटर कशाला बघायचा?"

"तुमच्या वायरिंगवर विश्वास आहे हो," ते हळूच म्हणाले. "पण तिचा श्वास चालू आहे की नाही, ते कुणीतरी बघायला नको?"

मी फोन ठेवला आणि माझ्यापुरता चहा केला. माझे यजमान गेल्यापासून माझ्या घरात एकाच पेल्याचा चहा होतो.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे. पहिली बॅटरी गाडी सुरू करते; तिला मोठा जोर लावावा लागतो, पण क्षणभर. दुसरी थोडे थोडेच देते, मात्र रात्रभर. पहिलीला दुसरीचे काम जमत नाही. हा निष्कर्ष मी एकाच गाडीवरून आणि एकाच व्याह्यांवरून काढलेला आहे. तरी वाचकांनी तो आपापल्या घरी स्वतः तपासून पाहावा, ही विनंती.