काकूंच्या गॅलरीखाली

"शिकणाऱ्या मुलीला पायाने ढकलायची हलकी स्टंट स्कूटर द्या," दुकानातली बाई म्हणाली. "दांडा कमरेपर्यंत यावा. घडीची मात्र नको, उड्या मारून तिचा घडीचा सांधा खिळखिळा होतो."

मी मान डोलावत होते, पण डोक्यात शेजारच्या काकू होत्या. "मुलीच्या जातीला कशाला हव्यात स्कूटरवरच्या उड्या? दात पडले की कळेल," असं त्या माझ्या इराला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. तेव्हापासून पोर खाली खेळायलाच जात नव्हती.

इराने उचलून पाहिलेली काळी स्कूटर मी घेतली. सरावाची जागा मीच ठरवली, काकूंच्या गॅलरीखालची फरशी. चाकं खाडकन आपटली की मला आतून गार वाटायचं. राग माझा होता; इरासाठी तो नुसता खेळ होता. सूड इतका आनंदाने उगवलेला मी कधी पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली आणि इरा न पडता खाली आली.

"शाब्बास गं!" वरून काकू ओरडल्या.

इरा लाजून हसली. मी हसले नाही. एका शाब्बासकीवर त्यांना सोडायची माझी तयारी नव्हती.

"आई, काकूंना परत दाखवू?"

"दाखव," मी म्हणाले. "आणखी उंच."