कोपीत जळालेला कागद

माझा स्वभाव पहिल्यापासून हेकट. एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. दुसऱ्या बाळंतपणात मी मनात घेतलं होतं, पोट फाडून घ्यायचं नाही.

आम्ही शेवगावच्या पूर्वेकडचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. मजुरीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, मी मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. थोरल्या मुलीच्या वेळी आठव्याच महिन्यात, फडात असताना पाणी गेलं. पोर आडवी होती. तिकडच्याच दवाखान्यात सिझर झालं. उरलेल्या हंगामात माझ्या जागी गावाकडून सासूला बोलवावं लागलं. साठीची बाई. संध्याकाळी मान चोळत बसायची आणि मला ऐकवायची, "तुजी मोळी मी वाहती, ध्यानात ठेव." लई झोंबायचं.

टाके काढायला गेले तेव्हा नवरा बाहेर उभा होता. डॉक्टर मला म्हणाले, "वरून छेद आडवा दिसतो, पण आत गर्भपिशवीला उभा घ्यावा लागलाय. पुढच्या वेळी कळा येऊ द्यायच्या नाहीत, तारखेआधीच सिझर करायचं. कागदावर लिहिलंय, जपून ठेवा." मी मान डोलावली. फडाजवळच्या कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, आल्यावर कागद छपराच्या बांबूत खोचला. आमचे सगळे कागद तिथंच असतात, खाली उंदीर कुरतडतात म्हणून.

हंगाम सरला, कोपी मोडायचा दिवस आला. आधार कार्ड, रेशन कार्ड मी काढून घेतलं. तो कागद तेवढा राहू दिला. नवऱ्यानं छपराचं पाचट ओढून ढीग केला आणि पेटवला. मी पोरीला कडेवर घेऊन बघत उभी होते. कागद गेला म्हणजे ती गोष्टही गेली, एवढीच माझी अक्कल.

चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. तारीख भादव्यातली. नॉर्मल झालं तर दिवाळीनंतर माझी मोळी मीच उचलणार होते. सासूचा शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता. पण तारीख उलटून आठ दिवस झाले तरी कळांचा पत्ता नाही. आईनं आणि नवऱ्यानं मला नगरच्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई समजुतीची होती. म्हणाली, "पहिलं सिझर असलं तरी नॉर्मल होऊ शकतं. कळा आणूनही बघता येतं. पण आतला छेद कसा होता ते कळलं पाहिजे. कातडीवरच्या खुणेवरून सांगता येत नाही. जुना कागद कुठंय?"

"माज्या हातनं जळाला, मॅडम," नवरा मान खाली घालून म्हणाला. "कोपी पेटवली त्यात गेला."

तिनं मला तीनदा विचारलं. छेद उभा असला तर पिशवी फाटू शकते, बाळही जाईल नि तुम्हीही जाल, असं स्पष्ट सांगितलं. तरी तोंडातून निघालं, "आडवाच हाय. पुढचं नॉर्मल व्हईल, असं त्या डॉक्टरनं सवता सांगितलं हुतं." तिनं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली.

टाके उसवायची भीती म्हणून कळांची गोळी तिनं दिली नाही. पिशवीच्या तोंडाशी रबरी नळी घालून तिच्या टोकाचा फुगा पाण्यानं फुगवला. दुसऱ्या सकाळी फुगा आपोआप पडला, तोंड उघडलं होतं. मग सलाईनमधून थेंब थेंब औषध सुरू केलं. कळा आल्या. आई कंबर चोळत होती आणि मी, खोटं कशाला सांगू, मनातून खूश होते. वाटलं, जिंकले.

दुपारी एक कळ आली ती सरेचना. जुन्या टाक्यापाशी आतून काहीतरी टर्रकन फाटलं आणि कळा एकदम थांबल्या. मशीनवर बाळाचे ठोके हळू पडत गेले. डॉक्टरीणबाई धावत आली. पुढचं मला नीट आठवत नाही.

पोरगा होता. नाकेला, माझ्या वडिलांसारखा. नवऱ्यानं पुरून आल्यावर मला एवढंच सांगितलं. पिशवीही काढावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाई खाटेशेजारी येऊन बसली. "आत उभा छेद होता," म्हणाली. "तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

"न्हाई," मी म्हणाले.

ती म्हणाली, "कागद नव्हता, तर मी कळा आणायलाच नको होत्या." तिचे डोळे भरले होते. मी तोंड भिंतीकडं केलं.

घरी बायका भेटायला आल्या. आमच्याकडं पिशवी काढलेल्या खूप आहेत, कुणाला त्याचं नवल नाही. एक म्हणाली, "पोराचं वाईट झालं. पर एक बरं, पाळीची कटकट गेली. फडात मोकळी झालीस." सासू मात्र त्या हंगामात न सांगता माझी मोळी वाहायला आली.

नवऱ्यानं नगरचा कागद शेवगावात नेऊन प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणला. दर दिवाळीनंतर निघताना तो पेटीत सगळ्यांच्या तळाशी ठेवतो. आता मला कसलं बाळंतपण, पण त्याला ते सुचत नाही. "एकदा माज्या हातनं जळाला," म्हणतो, "ह्यो न्हाई जळू द्यायचा." मी भाकरी बांधत असते. त्याला अजून सांगितलेलं नाही.