भुईवर घेतलेला माणूस

दुसरबीडच्या बाजारात मंजुळाबाईनं वांग्याचा भाव एकदा सांगितला की सांगितला. घासाघीस करणाऱ्याला ती तोंडावर म्हणायची, "घ्याचं त घे, नाही त चाल पुढं." अशा बाईपुढे तिच्या नवऱ्यानं, तुळशीरामानं, हात जोडले तेव्हा मात्र ती पार गांगरून गेली.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तुळशीरामाच्या गळ्यात वाईट गाठ होती. जालन्याच्या दवाखान्यात नाकातून नळी घालून त्याला कसाबसा जगवला, आणि इलाज नाही म्हणून घरी धाडला. आता थुंकीही गिळवेना.

"कण्हेरीची मुळी उगाळून दे," तो म्हणाला. "सोडव मले."

"माह्या हातानं? मेली तरी देनार नाही!" ती ओरडली आणि चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

इतक्यात धाकटा दीर कडूबा बैलगाडी जुंपून दारात हजर. "जालन्याले नेऊ वैनी, पुन्हा नळी घालू. नाही त लोक म्हनतीन, भावाले वाऱ्यावर सोडलं." तुळशीराम 'नको नको' मान हलवत होता. कडूबानं पाहिलं नाही, की पाहायचंच नव्हतं, देव जाणे.

मंजुळाबाईनं डोळे पुसले. जमीन सारवली, घोंगडी अंथरली आणि वाळून हलका झालेला नवरा बाजेवरून उचलून खाली निजवला. कडूबा जागच्या जागी थिजला. शेवटच्या घटकेलाच माणसाला भुईवर घेतात, आणि एकदा घेतलं की पुन्हा उचलून बाजेवरही ठेवत नाहीत. गाडीचं तर नावच नको.

"जित्तं मारता काय त्याले!" म्हणत तो पोलीस पाटलांना, भगवंतरावांना, घेऊन आला.

"इख देलं काय, बाई?" पाटलांनी दरडावलं. "कायदा सोडनार नाही तुले."

"मागलं व्हतं त्यायनं, मी नाही देलं. पन नळीबी घालू देनार नाही. न्याचं असंन त मले न्या!"

पाटील तुळशीरामाजवळ उकिडवे बसले. "तुहं काय म्हननं हाय?"

तुळशीरामानं पंजा भुईवर दाबून धरला. पाटील उठले. "कडूबा, बैल सोड."

दुसऱ्या दिवशी तुळशीराम कुजबुजला, "मुळी आनली?"

"नाही. पानी हाय." तिनं ओला कापूस कडूबाच्या हातात दिला.

तुळशीरामानं भावाकडं पाहिलं. "मंग तेच दे," म्हणाला, आणि ओठ उघडले.