मरळ वर येईपर्यंत

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. रात्री अंगणात काही खुडबुडलं तर माझी बायको मला उठवत नाही, स्वतः जाऊन बघून येते. तरीही दरवर्षी दसरा झाला की मी परभणीहून पाथरीची एसटी धरतो आणि पुढं जीपनं बहिणीच्या गावी जातो. माझ्या दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मरळ धरायला जोडीदार लागतो. गाव गोदावरीच्या काठावर. तिकडं तिला नुसतं गंगा म्हणतात.

मरळ हा मासा श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात ते काही दिसत नाही. दसऱ्यानंतर पाणी निवळतं, धार संथ होते, आणि ऊन चढलं की डोहाच्या कडेला कुठंतरी ‘गुळुक’ होतं. तीच जागा हेरायची. गळाला बेडकाचं पिल्लू लावायचं आणि मरळ वर आली तिथं नाही, तर हातभर पुढं टाकायचं. ओढ लागली तरी लगेच झटका द्यायचा नाही, नीट गिळू द्यायचं. हे सगळं दाजींनी शिकवलं. त्यांचा एक नियमही होता, पाण्यावर गेलं की बोलायचं नाही. मोबाईलसुद्धा बंद करून गाडीच्या डिक्कीत. पहिल्या वर्षी मी नुसता खोकलो, तर घरी येऊन त्यांनी सगळ्यांसमोर माझी अशी काही खरडपट्टी काढली की विचारू नका. तेव्हापासून मी तिथं घसा खाकरायलाही भीत होतो.

गेल्या वर्षीही आम्ही सकाळी गुडघाभर पाण्यातून चालत पात्रातल्या खडकांवर गेलो. दाजी पुढच्या खडकावर, डोहाकडं तोंड करून. मी मागच्या खडकावर, काठाच्या बाजूला. मध्ये पाच-सहा पावलांचं पाणी. दाजींना पोहता येत नाही. नदीकाठी जन्म गेला, पण येत नाही, आणि कुणी तसं विचारलेलंही त्यांना खपत नाही.

माझ्या पायाजवळ खडकाला भेग होती. तिच्यात मी चपला खोचून ठेवल्या होत्या. तासाभरानं सहज खाली पाहिलं तर एक चप्पल हलत होती. म्हटलं, लाट आली असेल. थोड्या वेळानं ती तरंगायला लागली. पाण्याचा रंगही फिरला होता, दूध घातलेल्या चहासारखा. वर बंधारा आहे, त्याचे दरवाजे उघडले की इथं बघता बघता पाणी चढतं, हे बहिणीनं मला शंभरदा बजावलेलं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच दाजींच्या दोऱ्याला ओढ लागली. त्यांचे खांदे ताठ झाले. मी तोंड मिटलं.

का मिटलं, ते आजही धड सांगता येत नाही. मरळ सुटली तर हा माणूस काय म्हणेल, याची भीती वाटली. एकीकडं पाण्याची भीती, दुसरीकडं दाजींची, आणि मेली दाजींची भारी पडली. लिहितानाही लाज वाटते. चप्पल वाहून गेली, मी तिच्याकडं बघत राहिलो. घोटे बुडाले.

पाणी पोटरीला लागलं आणि पायाखालचा खडक दिसेनासा झाला, तेव्हा मात्र मी ओरडलो.

“दाजी, पाणी वाढायलंय.”

त्यांनी वळून पाहिलं. आमच्या मधलं गुडघाभर पाणी आता कमरेच्या वर गेलं होतं आणि त्याला ओढ होती. मी एका हातानं खडकाची कपार धरली, पाण्यात उतरलो आणि माझ्या गळाची वेळूची काठी त्यांच्याकडं केली. त्यांनी ती एका हातानं धरली, पाऊल टाकलं आणि त्यांचा पाय सुटला. डोकं पाण्याखाली गेलं. तेवढा वेळ मी मेलोच होतो. मग काठीला हिसका बसला आणि मी जीव खाऊन ओढलं. कसेबसे काठाला आलो आणि दोघंही चिखलात पालथे पडलो. दाजींच्या दुसऱ्या हाताला दोरा गुंडाळलेला होता, आणि त्याच्या टोकाला मरळ तडफडत होती.

घरी बहिणीनं कढई चढवली. दाजी तिला सांगत होते, तुझ्या भावानं हाक मारली म्हणून वाचलो, देवासारखा धावला. मला ते ऐकवेना.

“दाजी, मला लय आधी दिसलं व्हतं,” मी म्हणालो. “मी बोललो न्हाई.”

दाजी खाली मान घालून मनगटावरचा दोऱ्याचा वळ चोळत राहिले. मग म्हणाले, “मला बी दिसलं व्हतं. म्हटलं, येवढी मरळ वर येऊ दे.”

बहिणीनं गॅस बंद केला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कढईकडंच बघत ती हळू आवाजात म्हणाली, “दोघांला बी दिसत व्हतं. मंग मला येऊन सांगायला कोण उरलं असतं?”