भासऱ्याच्या पुढे

"भरतीच्या मैदानात देव येत नाही, आपलेच पाय येतात," असं जगदेव धनवे एकदा वर्गात म्हणाला आणि पोरांनी त्याच दिवशी त्याचं नाव 'पाय सर' ठेवून टाकलं. जगदेवला ते आवडलं. आयुष्यभर त्यानं पायांचंच खाल्लं होतं.

वाशीमच्या मालेगावकडच्या आंध आदिवासी वस्तीतला हा माणूस. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पाणी घालता घालता वनरक्षक झाला, वनपाल होऊन निवृत्त झाला. वाशीमला घर बांधून गप्प बसायचं ते सोडून तो आदिवासी उमेदवारांच्या भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गात जाऊ लागला. गणित आणि मराठी रिसोडच्या निता मॅडम शिकवायच्या. जगदेवचे विषय दोन, धावणं आणि खुर्चीवर बसणं. दुसरा विषय ऐकून नवी पोरं हसत. पण जगदेवला आठवत होतं, साहेबानं पहिल्यांदा 'बस' म्हटलं तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर नुसता टेकला होता. जणू खुर्ची दुसऱ्याची आणि मालक आत्ता येईल. म्हणून तो एकेकाला पाठ टेकायला लावायचा. "सरक अजून मागं. चावत नाही ते."

साधना तेवढी खाली सतरंजीवर बसायची. ती जगदेवच्या धाकट्या चुलतभावाची, राजूची बायको. सोजरबाई काकूंनी सुनेला स्वतः आणून सोडलं होतं. राजू दर दिवाळीनंतर बायकोपोरीला घेऊन वीटभट्टीवर जायचा आणि पोरीची शाळा तिथंच मोडायची. साधना वनरक्षक झाली तर भट्टी सुटणार होती. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती.

पहाटे जगदेव स्वतः पोरांच्या पुढे पळायचा. साठीचा माणूस. मला मागं टाकाल तर खात्यात लागाल, हा त्याचा हिशेब. महिनाभरात लखननं टाकलं, मग वैजयंतीनं, मग एकेक करून सगळ्यांनीच. साधना मात्र रोज त्याच्या पाठीमागे, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून. जगदेवला वाईट वाटायचं, पण खोटी आशा लावणं त्याला जमत नसे. हिच्यात दम नाही, हिला धावण्याची अट नसलेल्या जागेची तयारी करू द्या, असं त्यानं निता मॅडमला सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो कामानं अकोल्याला गेला. संध्याकाळी परतला तर मॅडम फाटकात उभ्या. आज साधना पहिली आली, म्हणाल्या, आणि वैजयंती पार मागं राहिली. जगदेवनं ऐकून घेतलं आणि एखादी फेरी चुकली असेल म्हणून सोडून दिलं.

सकाळी तो पुन्हा पुढे पळाला. या वेळी त्यानं मागचा श्वास ऐकला. त्याला स्वतःला धाप लागली होती, आणि मागची बाई पाणी भरायला निघाल्यासारखी संथ श्वास घेत होती.

त्यानं सांगितल्यावर निता मॅडमनं साधनाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "भासऱ्याच्या पुढे कसं जावं बाई? ते समोर असले का पाय आपोआप आखडते."

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर बाजेवर बसू नये, त्याचं नाव घेऊ नये, त्याला ओलांडून पुढे जाऊ नये. हे जगदेवला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. याच रिवाजात तो वाढला होता. पण ट्रॅकसूट घातल्यावर आपण फक्त सर उरतो, असं तो धरून चालला होता.

त्यानं मॅडमच्या तोंडून निरोप दिला, मैदानात मी भासरा नाही. साधनानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती खरोखर त्याच्या बरोबरीला आली, डोळे मिटून, आणि पाय अडखळून तोंडावर पडली. भावजयीला शिवायचं नाही, म्हणून त्याला हात देऊन उठवताही येईना. वैजयंतीनं उठवलं.

त्यानं काकूंकडे तक्रार केली. सोजरबाई तांदूळ निवडत होत्या. "तू सर कधी झाला रे? लग्नात अक्षता तं भासरा म्हनूनच टाकल्या होत्या," त्या म्हणाल्या. "डोक्यातलं काढता येते, गुडघ्यातलं नाही निघत बापा."

तेव्हापासून धावण्याच्या वेळी जगदेव इमारतीच्या मागं जाऊन बसायचा. तिथून त्याला फक्त पावलं ऐकू यायची. कोणती तिची, हे तो ओळखू लागला.

भरतीच्या दिवशी आधी पुरुष धावले. जगदेव दोरीला छाती लावून शेवटच्या वळणावर उभा होता, दरवर्षीसारखा, आणि लखनच्या नावानं ओरडून त्याचा घसा बसला. मग बायकांची तुकडी रेषेवर आली. त्याला निघायला हवं होतं. पण भोवती शेकडो माणसं, टोप्या, छत्र्या. एवढ्या गर्दीत ती आपल्याला कुठं पाहणार? आणि आता ती तयार झाली आहे, याबद्दल त्याला कणभर शंका नव्हती. तिला मोकळी धावताना त्यानं अजून एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

शिट्टी वाजली. पहिल्याच फेरीत साधना सगळ्यांच्या पुढे होती. लांब टांगा, सैल खांदे, नजर समोर. जगदेव बघत राहिला. अशी धाव त्यानं रानात फक्त जनावरांचीच पाहिली होती. ती वळणावर आली, तिची नजर दोरीवरून फिरली आणि त्याच्यावर थांबली. तिचा हात डोक्याकडे गेला. ओढणी नव्हती. टांगांची लय तुटली. मागची एक जण पुढे गेली, मग दुसरी.

"सर, नाव घ्या ना तिचं, ओरडा," निता मॅडम म्हणाल्या. "अजून पुष्कळ फेऱ्या आहेत."

जगदेवनं दोरीवरचा हात काढला. मैदानाकडे पाठ केली, माणसं बाजूला सारत फाटकापर्यंत गेला आणि बाहेर पडला.