अनुराधापुराचा बुधवार

पासपोर्टच्या चौकशीसाठी घरी आलेल्या पोलिसानं विचारलं, "दुबईला का?"

माझी बायको म्हणाली, "न्हाई भाऊ, अनुराधापुराला."

"ते आंध्रात हाय ना?"

"त्याच्या जरा पुढं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. स्वतःसाठी तिनं चहा केला नाही. दिवसभरात किती पाणी प्यायचं हे तिला ठरवून दिलेलं होतं, आणि कपभर चहासुद्धा त्यातूनच वजा व्हायचा.

तिची मूत्रपिंडं निकामी होऊन दोन वर्षं झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात डायलिसिस. उरलेल्या दिवसांत ती रेणापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जायची. मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आम्हाला मूल नाही. आमच्या दोघांच्याही घरात तोवर कोणी देशाबाहेर गेलेलं नव्हतं.

अनुराधापुराचं तिच्या मनात कधीपासून होतं, ते मला सांगता येणार नाही. शाळेत ती एक गोष्ट दरवर्षी सांगायची. एका राजाच्या लेकीनं बोधगयेच्या पिंपळाची फांदी नावेतून समुद्रापलीकडं नेली, ती तिथं रुजली, आणि ते झाड अजून उभं आहे. एकदा दवाखान्यात, सुया टोचलेला हात उशीवर ठेवून ती म्हणाली, "त्या बाईनं एवढ्या लांब फांदी जगवत नेली. मला तर नुसतं स्वतःला न्यायचंय." ते झाड तिला पाहायचं होतं. बाकी श्रीलंकेत काय आहे, याच्याशी तिला फारसं घेणं नव्हतं.

मी पुस्तकात वावरणारा माणूस, म्हणून आधी कागद जमवले. यात्रा कंपन्यांची पत्रकं आणली. आठवड्याभरात आठ-नऊ गावं, पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर पोचायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं ती वाचली आणि विचारलं, "हे लोकांना फिरवून राहिले का हाकलून राहिले?"

मग मी गावं बाजूला ठेवली आणि वारांपासून सुरुवात केली. सोमवार आणि गुरुवार हलणार नव्हते. त्यांच्या मधल्या जागेत जेवढी बसेल तीच आमची श्रीलंका. रविवारी रेल्वेनं हैदराबाद. सोमवारी तिथं डायलिसिस. मंगळवारी विमानानं कोलंबो, पण शहरात न शिरता विमानतळावरूनच गाडी करून थेट अनुराधापुरा. बुधवारी सकाळी, अंगात पाणी साठायच्या आत, झाड. दुपारी निघून कँडी. गुरुवारी तिथल्या दवाखान्यात डायलिसिस. शुक्रवार झोपण्यासाठी. शनिवारी कोलंबोत समुद्र, तोही तिनं पाहिलेला नव्हता. रविवारी हैदराबाद, सोमवारी पुन्हा मशीन.

कँडीच्या दवाखान्याचं होकाराचं उत्तर यायला बराच वेळ लागला. ते आल्यावर मी सगळा कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं बोट फिरवत एकेक वार वाचला. "ह्यात माझं दुखणं बसलंय," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मला लग्नानंतर मिळाली नव्हती.

डॉक्टरांनी पत्र दिलं. तब्येत आत्ता स्थिर आहे, फेब्रुवारीत जाऊन या, उन्हाळ्यावर टाकू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आता दादाला सांगायचं होतं. आमच्याकडं धाकट्यानं मोटारसायकल घेतली तरी ती दारात यायच्या आधी थोरल्याच्या कानावर जावी लागते. परदेशाचं तर विचारायलाच नको. न सांगता गेलो असतो तर आल्यावर घरात पाय ठेवू दिला नसता. आम्ही नांदेडला गेलो.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास दादा कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागला होता आणि नांदेडला नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाला. कोणता तालुका कुठं जोडायचा हे आपल्या टेबलावर ठरलं, असं तो सांगायचा. त्या हिवाळ्यात आणखी एका नव्या जिल्ह्याची चर्चा चालू होती आणि दादा रोज पेपर वाचून कुठली ना कुठली हद्द बदलायचा. माझा कागद त्यानं तसाच हातात घेतला. खिशातलं लाल पेन काढलं.

"ही सहल हाय का दवाखान्यांची तपासणी?"

वहिनी हसल्या.

"शुक्रवारी काय? झोप. समुद्र ओलांडून झोपायला चालले हे. अरे, झोपायला लातूर काय वाईट हाय?"

"तिला आदल्या दिवशीचा थकवा असतो, दादा."

"थकवा कोणाला न्हाई? तुझ्या वहिनीचे गुडघे गेलेत." त्यानं कागदावर आणखी गावं वाढवली. गाले लिहिलं, नुवारा एलिया लिहिलं, पोलोन्नारुवा लिहिलं. "आम्ही दोघं बी येतो. तू एकटाच आजारी बाईला घेऊन गेलास अन् तिथं काय कमी-जास्त झालं, तर लोक मला विचारतेल."

मग त्यानं तारीख पाहिली आणि पेन थांबलं. "फेब्रुवारी कशाला? बुद्ध पौर्णिमेला जाऊ. बोधिवृक्ष अन् वैशाखी पौर्णिमा. जन्मात एकदा जायचं ते आडदिवशी जायचं का?"

मी डॉक्टरांचं सांगितलं.

"डॉक्टरला पौर्णिमेचं काय म्हाईत?"

बायको समोरच बसलेली होती. पण दादा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे, आमच्याकडची ती जुनी रीत त्यानं सोडली नव्हती. तो मला म्हणाला, "तिला विचार, पौर्णिमा चालंल का."

तीही माझ्याकडं बघूनच बोलली. "दादांना सांगा, माझ्या कॅलेंडरात दोनच वार हायत. अन् झाडाला काय, बुधवार असला तरी ते जागेवरच राहील."

"तिला म्हणावं, श्रद्धा लागते," दादा म्हणाला.

वहिनींनी केळ्यांचं ताट आणून मध्ये ठेवलं. अर्धापूरची केळी, नुकतीच पिकलेली. डायलिसिसवर असलेल्या माणसाला केळं वर्ज्य असतं. वहिनींना ते ठाऊक होतं, कारण आधीच्या दोन्ही खेपांना आम्ही सांगितलं होतं. "घे गं एक," त्या म्हणाल्या. "अर्ध्या केळ्यानं कोणी मरत न्हाई." तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

परतीची बस अहमदपूरला पोचली. तेव्हा ती म्हणाली, "दुसरं काहीबी असतं तर भांडले असते. पौर्णिमेशी कसं भांडावं?" दादानं दुसऱ्या आठवड्यात चौघांची तिकिटं काढली. वैशाखातली.

फेब्रुवारी आला आणि गेला. तिला काही झालं नाही. ठरल्या बुधवारी ती शाळेत गेली, मुलांकडून पाढे म्हणून घेतले आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "आज बरं वाटून राहिलंय. आज पायऱ्या चढून झाडापर्यंत गेले असते."

मार्चमध्ये लातूरचे नळ बंद पडले. तसे ते आधीही आठ-पंधरा दिवसांनी यायचे, पण आता लोकांनी नळाकडं पाहणंच सोडलं. टाक्यांजवळ मारामाऱ्या होऊ लागल्या म्हणून जमावबंदी लावली. पुढं रेल्वेनं पाणी आलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यांत आमची गल्ली नव्हती. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्या रांगेत माणसं एकमेकांना ओळखेनाशी व्हायची.

डायलिसिसच्या मशीनला पिंपंच्या पिंपं स्वच्छ पाणी लागतं. हे आमच्या गल्लीला कसं कळलं कोणास ठाऊक. रांगेत माझ्या पुढं उभा असलेला शेजारी मागं वळून म्हणाला, "सर, तुमच्या बाईंचं बरंय. त्यांना पाणी प्यावंच लागत न्हाई."

त्याच्या पुढची बाई म्हणाली, "त्या कुठं पितेत? त्यांची मशीन पिते. आठवड्यात दोनदा, आख्ख्या गल्लीचं."

लोक हसले. त्यात वैर नव्हतं. तहानलेली माणसं होती आणि विनोद चांगला जमला होता. घरी येऊन मी तो तिला सांगितला नाही, पण खिडकी उघडी होती. जिभेवर बर्फाचा एक तुकडा ठेवून ती म्हणाली, "मी दोन वर्षं आधीच सराव केला. ह्यांना आता जड जाऊन राहिलंय."

दवाखान्यानं आधी मशीनचे चार तास होते, ते तीन केले. मग एका गुरुवारी, टँकर आला नाही, शनिवारी बघू, असं सांगितलं. शनिवारी तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. रात्रभर ती उशांना टेकून बसूनच होती, आडवं झालं की श्वास लागायचा. नांदेडला गोदावरीचं पाणी होतं, दवाखाने चालू होते. आम्ही दोन पिशव्या घेऊन दादाच्या घरी राहायला गेलो.

तिथल्या दवाखान्यात बुधवार आणि शनिवार मिळाले. दादाच्या घरात आम्हाला मागची खोली मिळाली. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "लातूरचं पाणी संपवून आमच्याकडं आलेत. आता गोदावरीचं काय खरं न्हाई." पाहुणे हसले की माझी बायकोही हसायची, आणि त्या हसण्यानं तिला दम लागायचा.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. फुप्फुसात पाणी होतं, हृदयावर ताण आला होता. विमानाचं नावही काढू नका, ते म्हणाले. मग आधीची फाईल चाळताना त्यांना लातूरचं पत्र सापडलं. "यात तर प्रवासाला परवानगी आहे," ते म्हणाले. "फेब्रुवारीत का नाही गेलात?"

"पौर्णिमा नव्हती," ती म्हणाली.

डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी पुढचं पान उलटलं.

घरी मी दादाला सांगितलं. त्याला वाईट वाटलं असणार, मी ते नाकारत नाही. मग म्हणाला, "तुमच्या दोघांची रद्द करू. आमची रद्द करून तिला काय फायदा? तिला विचार."

"जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या लोकांनी दादा-वहिनींचा सत्कार केला. चौकात त्यांचा फ्लेक्स लागला, परदेश दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा. सत्काराला आलेल्या बायका आत येऊन माझ्या बायकोला भेटल्या. "तुमच्या वाट्याचं दर्शन त्या घेऊन येतेल," एकीनं समजूत घातली. तिनं मान हलवली. दादाची गाडी गेल्यावर ती मला म्हणाली, "दर्शनाचा वाटा कसा काढतेत हो? तोळा-मासा?"

पौर्णिमा शनिवारी होती. म्हणजे ती मशीनवर होती. दुसरा तास चालू असताना माझ्या मोबाईलवर वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर वहिनींचा चेहरा होता, घामानं भिजलेला, पांढरा पदर डोक्यावर.

"दिसून राहिलं का गं?"

"ताई, जरा बाजूला सरका."

"आं?"

"तुम्ही दिसून राहिलात. बाजूला सरका."

वहिनी सरकल्या. दादानं फोन हातात घेऊन वर धरला. पांढरे कपडे, डोकी, छत्र्या, आणखी डोकी. सगळा देश त्या दिवशी तिथं लोटला असावा. दादा पळसाच्या पानाएवढ्या पडद्यातून मोठ्यानं सांगत होता, "आम्हाला पहाटेपासून इथंच अडवून ठेवलंय, पुढं सरकूच देईनात. त्या तिकडं, सोनेरी कठडा दिसला का? त्याच्या मागं. दिसला का? तिला विचार, दिसला का."

इतक्या लांबूनही त्यानं रीत मोडली नाही.

"दिसला म्हणावं," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मशीनचा आवाज तेवढा उरला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. मी तिला विचारलं, "खरंच दिसलं?"

"डोकी दिसली." तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बुधवारी एवढी गर्दी नसती."

आषाढात ती गेली. तिच्या पायांची सूज अखेरपर्यंत उतरली नाही. नांदेडलाच सगळं झालं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दादाच्या कॉलनीतल्या विहारात ठेवला होता. रेणापूरच्या शाळेतले तिचे सहकारी आले होते, लातूरच्या गल्लीतलेही काही जण आले होते. भंतेजींची देशना झाली. मग घरातर्फे दादा बोलायला उभा राहिला. त्याचा आवाज चांगला आहे, कचेरीतल्या निरोप समारंभांत तोच बोलायचा. कर्तव्यदक्ष शिक्षिका, तो म्हणाला, आजारपणातही हसतमुख. मग म्हणाला, अनुराधापुराच्या बोधिवृक्षाचं दर्शन घेण्याची तिची एकच इच्छा होती. शरीर साथ देत नव्हतं. पण बुद्ध पौर्णिमेच्या पवित्र दिवशी, साक्षात बोधिवृक्षासमोरून, व्हिडिओ कॉलवर आम्ही तिची ती इच्छा पूर्ण केली. आपल्या डोळ्यांनी पाहून, समाधान पावून ती गेली. थोरला या नात्यानं एवढं माझ्या हातून झालं.

बोलता बोलता त्याला रडू आलं. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. तो खोटं रडत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं, आणि आता तिथं बसलेल्या सगळ्यांना तसंच आठवणार होतं.

मागून कोणीतरी अनुमोदनाचं 'साधू' म्हणालं. मग सगळा विहार म्हणाला, तीनदा. शाळेतल्या एका बाईंनी माझ्याकडं वळून हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, निदान तेवढं तरी झालं."

मी त्यांना हात जोडले.