रिपोर्टच्या तळाची ओळ

"मॅडम, मशीन बिघडलंय बहुतेक. इओसिनोफिल परत जास्त दाखवतंय," माझी टेक्निशियन रूपाली म्हणाली.

मशीन ठणठणीत होतं. मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेऊन स्वतः मोजलं. शंभर पांढऱ्या पेशींत अठरा इओसिनोफिल. या पेशींच्या पोटात केशरी दाणे असतात, त्यामुळे ओळखायला सोपे. निरोगी माणसात शंभरात दोन-चार सापडतात.

मी पॅथॉलॉजिस्ट. चारकोपला माझी छोटी लॅब आहे. रक्त बघते, सही करते. पेशंट सहसा बघत नाही. इओसिनोफिल वाढले की आपल्याकडे दोनच गोष्टी सुचतात, जंत नाहीतर ॲलर्जी. बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून आठ दिवसांपूर्वी याच पेशंटच्या, तावडेंच्या, पहिल्या रिपोर्टवर मी डोळे झाकून सही केली होती. तळाला नेहमीची ओळ होतीच, 'क्लिनिकली कोरिलेट करा.' म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी तुमचं तुम्ही ताडून बघा. ती कॉम्प्युटरमध्येच बसवलेली होती, प्रत्येक रिपोर्टवर आपोआप छापली जायची. कोणी वाचत नसे. मीसुद्धा.

बाहेर काउंटरवर तावडे काकू घाई करत होत्या.

"मॅडम, रिपोर्ट हातात द्या ना. तीन वाजता ह्यांच्या पायात परत नळी घालणार आहेत. किडनीचा आकडा बघितल्याशिवाय आत घेणार नाहीत."

"परत म्हणजे?"

काकूंनी सांगितलं. तावडेंच्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती, चार पावलं चाललं की उजवी पोटरी धरायची. तीन आठवड्यांपूर्वी नळी घालून उजव्या बाजूला स्टेंट बसवला. दुखणं गेलं. पण आता बोटं निळी पडली होती.

"उजव्या पायाची?"

"दोन्ही पायांची. आमच्या डॉक्टरांनी तुमचा मागचा रिपोर्ट बघून जंताची गोळी दिली. काही फरक नाही."

स्टेंट एका पायात, बोटं दोन्ही पायांची निळी. मी किडनीचे दोन आकडे, मागचा आणि आजचा, शेजारी शेजारी ठेवले. क्रिएटिनिन जवळजवळ दुप्पट झालं होतं.

इथे थोडं समजावून सांगते. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठली की ती खायला पांढऱ्या पेशी आत शिरतात. खाऊन खाऊन फुगतात, बाहेर पडू शकत नाहीत आणि तिथेच मरतात. कचरा उचलायला आलेल्यांचाच ढीग होतो. त्या ढिगात कोलेस्टेरॉलचे सुईसारखे खडे असतात. पोटातल्या मुख्य वाहिनीत नळी घासली गेली तर कधी कधी ढीग फुटतो आणि ते खडे रक्ताबरोबर बोटांत, किडनीत, कातडीत जाऊन अडकतात. शरीर त्यांच्यावर पेशी सोडतं. त्यात इओसिनोफिलही असतात. अशा पेशंटला परत नळी घातली तर आणखी खडे सुटण्याची भीती. वर अँजिओग्राफीत वाहिनी दिसावी म्हणून सोडतात त्या डायचा भार किडनीवर.

घड्याळात एक वाजून गेला होता. तावडेंना नळी घालणारा सर्जन शेणॉय माझा बॅचमेट. तिसऱ्या कॉलला त्याने फोन उचलला.

"शेणॉय, तावडेंची अँजिओग्राफी थांबव."

"का? स्टेंट बंद झालाय बहुतेक."

"पायाची नाडी लागतेय?"

"लागतेय. तरी बोटं निळी, म्हणूनच तर आत बघायचंय ना!"

"इओसिनोफिल अठरा आहेत."

"अगं, मालवणी माणूस. रोज मासे खातो, ॲलर्जी असेल. तू स्लाइड बघ ना, पाय मी बघतो."

फोन कट.

वाद घालायला वेळ नव्हता. स्लाइड पर्समध्ये टाकली, दोन्ही रिपोर्ट उचलले आणि काकूंना घेऊन बोरिवलीला रिक्षा केली. रस्ता खणलेला. रिक्षा इंचाइंचाने सरकत होती. माझा अंदाज चुकला तर शेणॉय जन्मभर टोमणे मारणार होता. चुकला नाही तर? तो विचार त्याहून वाईट होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पाय हलवतेय हे तेव्हा लक्षात आलं.

तावडे काका वॉर्डात हिरवा गाऊन घालून तयार बसले होते.

"तुमी कोण?"

"रक्त तपासणारी. पाय बघू?"

"बघा. जंताची गोळी घेतलंय, तरी बोटां निळीच."

मी गाऊन गुडघ्यावर सरकवला. पोटऱ्यांवर, मांड्यांवर जांभळी जाळी उमटली होती. पावलं गरम, नाडी चांगली. म्हणजे मोठी वाहिनी उघडी होती, तुंबलं होतं ते बारीक वाहिन्यांत.

शेणॉय आला तो चिडूनच. "तू इथे काय करतेस?"

"जाळी बघ."

त्याने बघितलं. दोन्ही पायांची नाडी दोनदा तपासली. मग माझ्या हातातून दोन्ही रिपोर्ट घेतले. क्रिएटिनिनच्या आकड्यांवर बोट फिरवलं.

"सिस्टर, तीनची केस कॅन्सल."

पोटरीच्या कातडीचा तुकडा तपासायला माझ्याकडेच आला. स्लाइड बनवताना केमिकलमध्ये कोलेस्टेरॉल विरघळतं, त्यामुळे खडा दिसत नाही, सुईच्या आकाराची रिकामी फट दिसते. भोवती पेशींचा घोळका. चोर पळालेला, जमाव तिथेच.

शेणॉयने औषधं बदलली. किडनी सावरली, डायलिसिस लागलं नाही. डाव्या पायाची करंगळी मात्र काढावी लागली.

महिन्याभराने काकू रिपोर्ट न्यायला आल्या.

"मॅडम, एक विचारू? अगदी पहिल्या रिपोर्टात दिसत होतं का हो हे?"

"थोडं दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तेव्हा बोलले असते तर बोट वाचलं असतं की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. ते मी त्यांना सांगितलंही नाही, ती फार सोयीची सबब वाटली असती. मी माफी मागितली. काकूंनी रिपोर्ट पिशवीत ठेवला आणि निघाल्या.

त्याच दिवशी रूपालीला ती तळाची ओळ काढून टाकायला सांगितलं.

"मग तिथे काय टाकायचं, मॅडम?"

"काही नाही. खटकलं की फोन लावायचा."

शेणॉय हल्ली माझा नंबर बघून वैतागतो. पण पहिल्या रिंगला उचलतो.